शिशाची जागा आणि लिथियमचा घट
मोटारसायकलच्या बॅटरीतील एका बदलाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य आले, की त्या घटनेस क्रांती म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. मोटारसायकलच्या आसनाखालची शिसे-अम्लाची बॅटरी काढून तेथे लिथियमची बॅटरी बसविणे, ही गेल्या दहा-पंधरा वर्षांत हळूहळू रूढ होत असलेली गोष्टही याच शब्दाने वर्णिली जाते. तीन-चार किलो वजनाची पेटी जाते आणि जेमतेम किलोभर वजनाची पेटी तिच्या जागी येते, एवढे पाहिले म्हणजे तो शब्द योग्यही वाटतो. प्रस्तुत निबंधात या बदलाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावयाचे योजिले आहे. शिसे गेले हे खरे. परंतु शिशाने घालून दिलेला विजेचा दाब, शिशाच्या पेटीची लांबी-रुंदी, शिशाची मापे आणि त्या मापांची परिभाषा ही सर्व जागच्या जागी राहिली, व नव्या द्रव्यास त्यांच्याशी जमवून घ्यावे लागले. लिथियमच्या अनेक घटप्रकारांपैकी मोटारसायकलवर कोणता यावा, याचा निर्णयही बव्हंशी शिशानेच केला, असे आमचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखकाचा मूळ अभ्यासविषय भाषाशास्त्र. परका शब्द भाषेत शिरतो तेव्हा त्यास त्या भाषेच्या उच्चारांत आणि विभक्तिप्रत्ययांत बसावे लागते, हे त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. यंत्राच्या बाबतीतही असेच काही घडते काय, या कुतूहलातून हा लेख झाला आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘बॅटरी’ हा शब्द मूळचा तोफखान्यातला. बेंजामिन फ्रँकलिनने इ. स. १७४९ मध्ये विजेचा संचय करणाऱ्या काचपात्रांच्या जुळणीस तो प्रथम लाविला. ओळीने मांडून एकदम डागावयाच्या तोफांची कल्पना त्यामागे होती. व्होल्टाने १८०० मध्ये धातूंच्या चकत्या एकावर एक रचून आपले साधन सिद्ध केले, तेव्हा त्यास फ्रेंचमध्ये ‘पील’ म्हणजे ढीग हे नाव मिळाले, आणि साध्या सुट्या घटासही फ्रेंच लोक आजवर तेच म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तककारांनी एकट्या साधनास ‘विद्युत्‌घट’ आणि त्यांच्या जुळणीस ‘घटमाला’ असे दोन शब्द योजिले. हा भेद काटेकोर व उपयुक्त आहे, परंतु व्यवहाराने तो पाळला नाही. घरगुती मराठीत ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरावयाची विजेरी, आणि तिच्यात घालावयाचे ते ‘सेल’. वाहनाच्या संदर्भात मात्र तोच ‘बॅटरी’ शब्द घटमालेचा वाचक होतो. पुढील विवेचनात घट व घटमाला यांतील भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण सगळा इतिहास त्या भेदावर उभा आहे.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे, मध्ये विद्युत्‌रोधक पट्ट्या ठेवून, गुंडाळून विरल गंधकाम्लात बुडविले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येईल असा पहिला उपयुक्त घट तयार केला. पुढल्याच वर्षी अशा नऊ घटांची माला त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेविली. त्या घटाचा दोष असा, की पत्र्यांच्या पृष्ठावर योग्य थर तयार होण्यास भारण व विसर्जन यांची कितीतरी आवर्तने करावी लागत. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ती काढली, त्याच सुमारास तो लेप धरून ठेवणारी शिशाची जाळीही आली, आणि प्रयोगशाळेतला घट कारखान्यात गेला. ग्लॅडस्टन आणि ट्राइब या द्वयाने १८८२ मध्ये या घटातील रसायनाचा उलगडा केला: विसर्जनाच्या वेळी दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट बनते आणि अम्ल पातळ होत जाते. अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून घटाची स्थिती ओळखण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. बॅटरीच्या दुकानातील कारागीर ‘ग्रॅव्हिटी बघतो’ असे म्हणतो, तेव्हा तो १८८२ चे रसायनशास्त्र बोलत असतो.

या घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट असतो. तो द्रव्याच्या स्वभावातून येतो. कोणत्याही कारखानदारास तो बदलता येत नाही. घट किती जोडावयाचे, तीन की सहा, एवढेच माणसाच्या हाती. मोटारसायकलने प्रथम तीन जोडले, पुढे सहा.

तथापि मोटारसायकलला बॅटरीची गरज आरंभापासून होती असे नाही. अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांत ठिणगीसाठी घट वापरीत. पण मॅग्नेटो रुळला तेव्हा इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी मिळू लागली, आणि दिव्यासाठी कार्बाइडचा वायू होता. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगची विद्युत्‌-प्रारंभक योजना कॅडिलॅक मोटारीत आली आणि हँडल फिरविण्याचे कष्ट गेले. तिच्या पावलावर पाऊल टाकून अमेरिकेतील ‘इंडियन’ या कंपनीने (आपल्या देशाशी तिचा नावापलीकडे संबंध नाही) १९१४ मध्ये ‘हेंडी स्पेशल’ नावाची मोटारसायकल काढली. तिच्यावर सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आणि विजेवर चालणारा प्रारंभक होता. त्या बॅटऱ्या भार धरून ठेवीनात, आणि ती गाडी लवकरच मागे घ्यावी लागली. चारचाकीत जे साधले ते दुचाकीत साधले नाही, याचे कारण उघड आहे. शिसे जड. त्याची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक. दुचाकीवर जेवढे शिसे वाहता येते तेवढ्यात इंजिन फिरविण्याची ताकद त्या काळी मावत नव्हती.

म्हणून पुढील कितीएक वर्षे मोटारसायकल लाथेनेच सुरू होत राहिली आणि बॅटरी दिवे व भोंगा यांपुरती उरली. होंडाने १९६० च्या सुमारास आपल्या लहान ‘सुपर कब’चा विजेने सुरू होणारा प्रकार काढला, आणि १९६९ च्या ‘सी.बी. ७५०’ने मोठ्या गाडीतही ती सोय गृहीत धरावयाची सवय लाविली. त्याच दशकात सहा व्होल्टांकडून बारा व्होल्टांकडे संक्रमण झाले. बाराच्या निवडीत मोटारसायकलवाल्यांचा हात अल्प. मोटारींनी १९५० च्या दशकात तो आकडा पत्करला होता, आणि दिवे, भोंगे, स्विचे हे सामान त्याच आकड्याचे मिळू लागले होते.

आपल्याकडे मद्रासेत १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना होऊन ‘बुलेट’ची जुळणी सुरू झाली. तिच्या पुढील दिव्याच्या टोपावर अँपिअरमापक असे, आणि जाणता चालक त्या काट्याच्या कलावरून बॅटरीचे आरोग्य वाचीत असे. १९८० च्या दशकात आलेल्या जपानी घडणीच्या शंभर सी.सी.च्या गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोच्या स्वतंत्र वेटोळ्यातून येई. बॅटरी पार ‘बसली’ तरी किक मारून घरी जाता येत असे. हा आधार अलीकडे निघून गेला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असता सतत जळू लागला; २०१८-१९ मध्ये १२५ सी.सी.हून मोठ्या गाड्यांना चाक न अडकू देणारी गतिरोधक योजना सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या ‘भारत-६’ मानकांमुळे इंधनाचे अंतःक्षेपण जवळजवळ सार्वत्रिक झाले, आणि त्याचा पंप व नियंत्रक विजेवाचून हलत नाही. किकचा दांडा कित्येक गाड्यांवरून नाहीसा झाला. बॅटरी पूर्वी सोयीची वस्तू होती, आता ती नसेल तर गाडी नाही. २०२० च्या टाळेबंदीत महिनोगणती उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पट्टिकांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक धरले, आणि पुष्कळांना ही गोष्ट प्रथमच कळली.

येथे मराठीतील एका प्रयोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘सेल्फ-स्टार्टर’मधले नाम गळून ‘सेल्फ’ एवढेच उरले, आणि क्रियापद आले ते ‘मारणे’. ‘किक मारणे’ यात पाय खरोखरच मारला जातो. ‘सेल्फ मारणे’ यात अंगठ्याने एक कळ दाबण्यापलीकडे काही घडत नाही. क्रिया पालटली, क्रियापद जुन्या जागी राहिले. नवे साधन जुन्याच्या साच्यात ओतले जाण्याचे याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

आता लिथियम. योहान आर्फव्हेडसन याने १८१७ मध्ये पेटालाइट नावाच्या खनिजात हे मूलद्रव्य ओळखले. दगडातून आले म्हणून बर्झेलियसने ग्रीक ‘लिथोस’ या शब्दावरून त्याचे नामकरण केले. दगडाच्या नावाचा हा धातू सर्व धातूंत हलका. पाण्याच्या निम्म्याहून किंचित अधिक एवढीच त्याची घनता. घटातील त्याचा इतिहास सुपरिचित असल्याने विस्तार करीत नाही. १९७० च्या दशकात एक्झॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे कोबाल्ट ऑक्साइडाचा धनाग्र योजणारे जॉन गुडइनफ, १९८५ मध्ये कार्बनी पदार्थाचा ऋणाग्र जोडणारे अकिरा योशिनो, १९९१ मध्ये हा घट बाजारात आणणारी सोनी कंपनी, आणि २०१९ मध्ये या तिघा शास्त्रज्ञांस मिळालेले नोबेल पारितोषिक, हा क्रम आहे.

हा कोबाल्टचा घट मोटारसायकलच्या आसनाखाली का आला नाही? उत्तर साध्या गणितात आहे. या घटाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भारित झाल्यावर ४.२. मोटारसायकलचा नियामक शिशाच्या सहा घटांसाठी बेतलेला, म्हणून तो साधारण १४ ते १४.५ व्होल्ट देतो. कोबाल्टचे तीन घट जोडले तर १२.६ व्होल्टांनाच ते तुडुंब होतात; त्यापुढे १४.४ व्होल्ट लोटणे म्हणजे आगीस आमंत्रण. चार जोडले तर पूर्ण भरण्यास १६.८ व्होल्ट हवेत, आणि १४.४ मध्ये ते कायम अर्धपोटी राहतात. तीन चालत नाहीत, चार चालत नाहीत, आणि साडेतीन घट जोडता येत नाहीत. शिवाय कोबाल्टचा घट तापला असता प्राणवायू सोडून स्वतःच्या आगीस स्वतःच वारा घालतो. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमाने जगभर जमिनीवर उतरवून ठेवावी लागली, ती असल्याच बॅटऱ्यांमुळे.

ही कोंडी फोडणारे द्रव्य टेक्सस विद्यापीठात निघाले. अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह फॉस्फेटाचा धनाग्र पुढे आणला. त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना हवे होते ते कोबाल्टपेक्षा स्वस्त व निरुपद्रवी द्रव्य. मोटारसायकल त्यांच्या मनात असण्याचे काही कारण नव्हते. या द्रव्यात दोन उणिवा होत्या. एक, ते विजेचे फार मंद वाहक होते. कणांवर कार्बनाचा लेप देऊन आणि कण अतिसूक्ष्म करून ती पुढे दूर झाली. दुसरी उणीव अशी, की त्याचा दाब कोबाल्टच्या घटाहून कमी, सुमारे ३.२ व्होल्टच भरतो, आणि त्यामुळे साठा कमी होतो. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हे न्यून होते. पण चार घट जोडा: १२.८ व्होल्ट. शिशाचे सहा पूर्ण भारित घट १२.६ ते १२.७ देतात. लोह फॉस्फेटाचा घट ३.६ व्होल्टांच्या आसपास पूर्ण भरतो. चार घटांना १४.४ लागतात, म्हणजे नियामक देतो नेमके तेवढेच. या दोन द्रव्यांच्या रसायनात काडीचे साम्य नाही. तरी त्यांची बेरीज एका ठिकाणी जुळली. प्रयोगशाळेत ज्यास दोष म्हटले, त्याच दोषामुळे हे द्रव्य शिशाच्या जागेत अचूक बसले. भाषेतही असे होते: दोन परके शब्द दाराशी उभे असता अर्थाने समृद्ध तो मागे राहतो, आणि उच्चारास सोपा तो आत येतो.

अर्थात् बसण्यासही काही वर्षे लागली. २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ए-१२३ सिस्टिम्स या कंपनीचे सूक्ष्मकणी घट प्रथम विजेच्या हत्यारांत गेले. शर्यतीच्या गाड्यांना वजनाचा प्रत्येक ग्रॅम डाचतो, त्यामुळे दुचाकींत हा बदल त्या बाजूने शिरला. डुकाटीने २०१४ च्या ‘सुपरलेजेरा’वर आणि होंडाने २०१७ च्या ‘सी.बी.आर. १००० आर.आर. एस.पी.’वर कारखान्यातूनच लिथियमची बॅटरी दिली. सामान्य चालकासाठी मात्र ती आली सुट्या बाजारातून, जुन्या पेटीच्या मापाची पेटी होऊन. या पेट्यांचे बाह्य मोजमाप शिशाच्या प्रमाणित पेटीप्रमाणे, खांब त्याच बाजूंना. आतले घट त्याहून लहान, म्हणून पेटी कित्येकदा निम्मी रिकामी असते. आणि पेटीच लहान केली असेल तर जागा भरून काढण्यास स्पंजाच्या पट्ट्या सोबत देतात. शिसे गेल्यावरही त्याची जागा किती टिकून राहते, हे या पट्ट्या पाहून समजते.

परंतु खरी अडचण आहे ती मापाच्या भाषेत, आणि या भागाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मोटारसायकलच्या बॅटरीवर ‘१२ एन ५’ अशासारखी संज्ञा असते. बारा व्होल्ट, पाच अँपिअर-तास, असा तिचा सरळ अर्थ. हे पाच अँपिअर-तास दहा तासांत सावकाश विसर्जन केले असता मिळतात. शिशाची बॅटरी घाईने रिती केली तर ती पुष्कळच कमी देते. व्हिल्हेल्म पॉइकर्ट याने १८९७ मध्येच हा नियम मांडला होता. प्रारंभक फिरविताना घाईच घाई असते, म्हणून शिशाच्या बॅटरीवरील आकडा नेहमीच कामापेक्षा मोठा ठेवावा लागे. लिथियमच्या घटात हा ऱ्हास फार थोडा. इंजिन सुरू करण्यापुरते पाहिले तर चार अँपिअर-तासांचा लिथियम घट बारा अँपिअर-तासांच्या शिशाचे काम करतो. विक्रेत्यांनी यातून वाट काढली ती अशी, की चाराच्या पेटीवर ‘बारा, शिसे-तुल्य’ असे लिहावयास आरंभ केला. काही जणांनी पुढे ‘शिसे-तुल्य’ हे शब्द बारीक अक्षरांत नेले, तर काहींनी ते गाळूनच टाकले.

यात लबाडी किती आणि सोय किती, हा प्रश्न सुटणारा नाही. ‘अश्वशक्ती’ या शब्दातही जुन्या वाहकाच्या मापाने नवा वाहक मोजला गेला होता. पण वॅटने अश्वशक्तीची एक ठरीव व्याख्या केली होती. ‘शिसे-तुल्य’ या शब्दाची तशी सर्वमान्य व्याख्या नाही. एका कार्यापुरते, म्हणजे प्रारंभापुरते, खरे असलेले ते समीकरण आहे. ग्राहक ते सर्व कार्यांना लावतो. गाडी उभी करून दिवे लावून ठेवले, चोरीची सूचना देणारे यंत्र महिनाभर चालू राहिले, तर बारा नव्हे, चारच अँपिअर-तास मिळतात. आणि किकचा दांडा तर उरलेला नाही. ज्याला गावाबाहेर रात्री हा फरक कळतो, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही.

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण; शब्द एक, अर्थ दोन, आणि नवखा भाषांतरकार येथे हमखास फसतो. बारा पूर्णांक आठ दशांश व्होल्ट हा असाच एक शब्द आहे. कारागीर स्थिर असलेल्या बॅटरीला मापक लावतो, काटा १२.८ दाखवितो. शिशाच्या भाषेत याचा अर्थ ‘पूर्ण भरलेली’; १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. लोह फॉस्फेटाच्या भाषेत मात्र स्थिर स्थितीतील १२.८ याचा अर्थ ‘तळाशी आलेली’, कारण तिचा दाब बराच काळ १३.१ ते १३.३ च्या दरम्यान जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. ‘बॅटरी चांगली आहे, दोष दुसरीकडे शोधा’ असा निर्वाळा देणारा कारागीर अज्ञानी नसतो. तो दुसऱ्या भाषेत वाचीत असतो. ग्रॅव्हिटी पाहणे, पाणी टाकणे, सल्फेट फोडण्यासाठी उच्च दाबाचे ठोके देणे, ही शिशाची सारी विद्या येथे निरुपयोगी आहे, आणि यांतील शेवटची तर घातक.

जुन्या गाडीत ही बॅटरी बसविणाऱ्याने म्हणून सर्वांत आधी बॅटरी नव्हे, नियामक तपासावा. १९६० च्या दशकातील ब्रिटिश गाड्यांत झेनर डायोड जादा वीज उष्णतेत दवडीत असे. पुढील नियामकही बहुधा त्याच घराण्यातले. नियामक थकून १५ व्होल्टांपलीकडे गेला तर शिसे उकळते, पाणी आटते, वास येतो, थोडक्यात ते बोलून दाखविते. लिथियमचा घट काही न बोलता बिघडतो. चांगल्या पेटीत त्यासाठी घटांचा तोल राखणारे व प्रसंगी जोडणी तोडणारे रक्षक-मंडल असते, स्वस्त पेटीत ते नसते.

हवामानाचा प्रश्न आपल्याकडे उलटा आहे. युरोपीय लेखक थंडीची चिंता करतात, आणि ती रास्त आहे: शून्याखाली या घटाचा अंतर्गत रोध वाढतो, आणि त्या स्थितीत त्याला भारित केले तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर बसतो. पुण्या-मुंबईहून लडाखला गाड्या नेणाऱ्यांना याची ओळख पटते. पहाटे प्रारंभक रुसला तर काही क्षण दिवा लावून घट आतून ऊबदार करून घ्यावा, अशी त्यावर युक्ती आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र शिसेच अधिक लवकर मरते; आठ-दहा अंश तपमान चढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते असा ढोबळ हिशेब आहे. दोन-तीन पट किंमत मोजून लिथियम घेणाऱ्यास मराठवाड्यात वा विदर्भात थोडेफार समर्थन मिळते ते या कारणाने. रोज दहा मैल जाणाऱ्याला दोन किलो वजन वाचवून काय मिळते, हे आम्हास समजलेले नाही.

शिशाने आणखी एक व्यवस्था उभी केली होती, आणि ती लिथियमला वारशाने मिळालेली नाही. जुनी बॅटरी दुकानात दिली की नवीच्या किमतीतून काही रक्कम वजा होते. शिसे ३२७ अंशांवर वितळते, त्याला भाव आहे, म्हणून ते भंगारवाल्याकडून भट्टीकडे आणि भट्टीकडून पुन्हा पट्टिकेत जाते. या प्रवासात अनधिकृत भट्ट्यांजवळच्या माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, रक्तात ते उतरते. भारत सरकारने २००१ मध्ये केलेल्या नियमांनी विक्रेत्यांवर जुन्या शिशाच्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन घातले. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्या कक्षेत आणल्या. लोह फॉस्फेटाच्या घटात कोबाल्ट नाही, निकेल नाही. आहे ते लोह, फॉस्फेट आणि थोडे लिथियम, तांबे, ॲल्युमिनियम. जे गुण त्यास स्वस्त व शांत बनवितात, त्यांमुळेच मेल्यावर त्याला भंगाराच्या तराजूत मोल येत नाही. नियमाने ती पेटी परत घ्यावयाची आहे. जुनी लिथियम बॅटरी घेऊन नवीच्या किमतीतून रक्कम वजा करण्याची चाल मात्र दुचाकीच्या दुकानांत अद्याप पडलेली नाही.